तुम्ही विचारलंत म्हणून: सॅन फ्रान्सिस्को चालत होईल का?

"मैत्रिणीबरोबर तीन दिवस सॅन फ्रान्सिस्कोला चाललेय. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतंय. चालत होईल, की गाडी भाड्याने घ्यावी?" सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न येतोच. कधी मैत्रीण असते, कधी कॉलेजचा मित्र. उत्तर एका ओळीत देते: गाडी नको, चढायचं ते बसने किंवा केबल कारने (रस्त्याखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या, रुळांवरच्या डब्याने), आणि चालायचं ते उतरताना.

नकाशा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. शहर साधारण सात मैल लांब, सात मैल रुंद. म्हणजे छोटंच. पण १८४७ साली रस्त्यांची आखणी झाली तेव्हा काटकोनातल्या रस्त्यांची चौकट टेकड्यांवरून जशीच्या तशी पुढे नेली. आपला घाट कसा वळणं घेत घेत चढतो. इथला रस्ता नाकासमोर सरळ वर जातो. फिल्बर्ट स्ट्रीटचा हाइड आणि लेव्हनवर्थ या रस्त्यांमधला तुकडा ३१.५ टक्के चढाचा आहे. शंभर मीटर पुढे जाताना साडेएकतीस मीटर वर, म्हणजे जवळपास दहा मजले. तिथे फूटपाथलाच पायऱ्या कापल्यात. फोन बिनधास्त 'दहा मिनिटं चालत' सांगतो, आणि चौथ्या मिनिटाला पोटऱ्या बोलायला लागतात. त्यावर एक सोपी युक्ती आहे. गूगल मॅपमध्ये तोच रस्ता सायकलचं चिन्ह दाबून बघा, चढ-उताराचा आलेख दिसतो. तो पाहून कुठून कुठे जायचं ते ठरवा. बऱ्याचदा नुसती दिशा उलटी केली तरी दिवस सोपा होतो.

केबल कारला लोक पर्यटकांचं खेळणं समजतात, पण ती मुळात याच चढांसाठी निघाली, १८७३ साली, घोड्यांना चढ झेपत नव्हते म्हणून. डब्यात इंजिन नाही. रस्त्याच्या मधोमध जी बारीक फट दिसते तिच्याखाली पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांनी अखंड पळत असतो. ग्रिपमन, म्हणजे गाडी चालवणारा, लांब दांडा ओढतो, खालचा चिमटा दोर पकडतो आणि गाडी निघते. दांडा सोडला की दोर सुटतो. थांबवायला चाकांचे ब्रेक आहेतच, शिवाय रुळांवर दाबले जाणारे लाकडी ठोकळे आहेत. हे ठोकळे इतके झिजतात की दर काही दिवसांनी बदलावे लागतात. उतारावर जळक्या लाकडाचा वास आला तर घाबरू नका, तो त्यांचाच. मेसन आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर केबल कारचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, आणि शहरातले सगळे दोर फिरवणारी प्रचंड चाकं तिथे चालू स्थितीत दिसतात. अर्धा तास काढाच.

मार्ग तीन आहेत. पॉवेल-हाइड आणि पॉवेल-मेसन हे दोन पॉवेल आणि मार्केट या रस्त्यांच्या कोपऱ्यावरून सुटतात. डबा हाताने ढकलून लाकडी चकतीवर फिरवतात, तेही तिथे दिसतं. बघायला गर्दी, चढायलाही गर्दी. भर दुपारी रांगेत तास सहज जातो. सकाळी लवकर जा, नाहीतर रात्री जेवण आटोपून. तिसरा कॅलिफोर्निया स्ट्रीटचा मार्ग. याचे डबे दोन्ही टोकांना चालतात, त्यामुळे चकतीची भानगड नाही आणि रांगही कमी. नुसता अनुभव हवा असेल तर हाच घ्या. नॉब हिल या टेकडीचा चढ तोही दाखवतो. अधल्यामधल्या स्टॉपवर चढायचं तर फूटपाथवर उभं राहून हात करा. तीव्र उतारावर गाडी मध्येच थांबत नाही, ती चौकातल्या सपाट जागेवर थांबते. बाहेरच्या पायरीवर उभं राहायचं असेल तर पाठीवरची सॅक पुढे घ्या. समोरून येणारी केबल कार आणि उभे ट्रक फार जवळून जातात. आणि पैशांचं एक लक्षात ठेवा. बसचं साधं तिकीट केबल कारला चालत नाही, तिचं भाडं वेगळं आणि बरंच जास्त. दिवसात दोन-तीनदा बसणार असाल तर एक, तीन किंवा सात दिवसांचा व्हिजिटर पासपोर्ट परवडतो. त्यात बस, ट्राम, केबल कार सगळं येतं.

आता पहिला दिवस. पॉवेल-हाइडने लोम्बार्ड स्ट्रीटच्या माथ्यावर उतरा. आठ वळणांचा तो प्रसिद्ध तुकडा १९२२ मधला. मूळचा २७ टक्क्यांचा उतार गाड्यांना झेपावा म्हणून वळणं घातली. गाडीने उतरायला लोक रांग लावतात, पण दोन्ही बाजूंना पायऱ्या आहेत आणि फुलझाडं तिथूनच नीट दिसतात. माथ्यावर उत्तरेला तोंड केलंत की हाइड स्ट्रीट थेट खाडीत उतरतो आणि समोर अल्काट्राझ, जुन्या तुरुंगाचं बेट. फोटो इथे काढा, पण रुळांवर उभं राहून नको. खाली आल्यावर कोलंबस अव्हेन्यूने नॉर्थ बीच भागातल्या वॉशिंग्टन स्क्वेअरपर्यंत चाल सोपी आहे. तिथून टेकडीवरच्या कॉइट टॉवर या मनोऱ्याला चालत चढू नका, ३९ नंबरची बस वर नेते. मात्र ती सारखी नसते आणि दिवसाच धावते, तेव्हा वेळ आधी बघून ठेवा. टॉवर १९३३ मधला, उंची २१० फूट. लिफ्टला तिकीट आहे, पण तळमजल्यावरची १९३४ सालची भित्तिचित्रं फुकट बघता येतात, आणि ढगाळ दिवशी तीच जास्त मोलाची.

उतरायचं ते पूर्वेच्या फिल्बर्ट स्टेप्सने. मघाचा फिल्बर्ट स्ट्रीट तोच, इथे त्याने रस्ता असण्याचा नाद सोडून जिना व्हायचं ठरवलंय. आधी सिमेंटच्या पायऱ्या, माँटगोमेरी स्ट्रीट ओलांडला की लाकडी. दोन्हीकडे बागा, आणि त्यांच्यातच नेपियर लेन नावाची फळ्यांची गल्ली, जिथे आजही गाडी जात नाही. लाल डोक्याचे हिरवे पोपट थव्याने ओरडत जातात; आधी ऐकू येतात, मग दिसतात. घरं खासगी आहेत, हळू बोला. धुक्याच्या सकाळी लाकडी पायऱ्या ओल्या असतात, वर पानं पडलेली, तेव्हा कठडा सोडू नका. खाली सॅन्सम स्ट्रीट, आणि पुढे एम्बार्केडेरोचा सपाट किनारा. तिथे एफ मार्गाच्या जुन्या ट्राम मिळतात, साध्या बसच्याच भाड्यात.

उतारालाही किंमत असते. चढताना धाप लागते, उतरताना मांड्या आणि गुडघे भरून येतात, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी. बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर प्रत्येक पावलाला बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. गुळगुळीत तळाचे फॅशनचे बूट हॉटेलवरच राहू द्या.

सपाट वाटा ठाऊक असल्या की निम्मा त्रास वाचतो. युनियन स्क्वेअरवरून चायनाटाउनला जाताना लोक उगाच नॉब हिलचा खांदा चढतात. स्टॉकटन स्ट्रीटचा बोगदा टेकडीखालून सरळ नेतो. आत फूटपाथ आहे, गोंगाटही आहे. सायकल घेणार असाल तर मार्केट स्ट्रीटपासून गोल्डन गेट पार्ककडे जाणारी 'द विगल' ही नागमोडी वाट धरा. टेकड्यांच्या मधल्या सखल भागातून ती जाते.

दोघांच्या प्रवासात खरी गोची वेगाची. जो दमदार तो वर जाऊन थांबतो, विश्रांती घेतो, आणि मागचा धापा टाकत पोचला की म्हणतो "चला!" मागच्याला विसावा मिळतच नाही. म्हणून हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. गप्पा मारता येत नसतील तर वेग जास्त आहे. केबल कारमध्ये एकालाच जागा मिळाली तर काय, हेही आधी ठरवा: पहिला शेवटच्या स्टॉपवर थांबेल, दुसरा पुढच्या गाडीने येईल. चढत्या गाडीला हाका मारण्यात अर्थ नाही.

हवेबद्दल सगळेच फसतात. कॅलिफोर्निया म्हणून जुलैत चड्डी-टीशर्टवर येतात आणि फिशरमन्स वार्फ या किनाऱ्यावरच्या पर्यटकी भागात स्वेटशर्ट विकत घेतात. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळचं खोल, थंड पाणी वर येतं, त्यावरची हवा गारठून धुकं होतं. आतल्या दरीत ऊन तापलं की ते धुकं गोल्डन गेट या सामुद्रधुनीतून आत ओढलं जातं. ट्विन पीक्सची रांग, सुमारे ९२० फूट, त्याला बऱ्याच अंशी अडवते. त्यामुळे पश्चिमेच्या सनसेट भागात कानटोपी आणि त्याच तासाला पूर्वेच्या मिशन भागात ऊन, असा प्रकार चालतो. पश्चिमेला धुकं दिसलं तर मिशन गाठा. वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून गोल्डन गेट ब्रिज सकाळी करा. २८ नंबरची बस जाते, चालायला पैसे पडत नाहीत, आणि एका बाजूने लांबी १.७ मैल. परत यायचंय हे धरून चाला. सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात उबदार महिने.

ओशन बीचवर पाय भिजवण्यापुरतंच जा. पाणी जेमतेम १० ते १५ अंश आणि आत ओढणारे प्रवाह जबर. पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही तिथे चालत नाही.

अल्काट्राझची फेरी आधी बुक करा, ती पिअर ३३ वरून सुटते. बेटावरच्या धक्क्यापासून तुरुंगापर्यंत पाव मैलात १३० फूट चढ आहे, तेरा मजल्यांएवढा. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तिथे छोटी विजेची गाडी असते, तिची चौकशी धक्क्यावरच करा.

एवढं वाचूनही गाडी घेणार असाल तर निदान पार्किंग शिकून घ्या. चढावर गाडी लावताना हँडब्रेक आणि चाकं वळवणं हा नियम आहे. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं फूटपाथकडे, तोंड चढाकडे असेल तर रस्त्याकडे, म्हणजे गाडी सुटली तरी फूटपाथच्या कडेला अडते. नाही केलंत तर दंड. फूटपाथची कड लाल रंगवली असेल तिथे थांबायचंच नाही. रस्ता झाडायचा वार आणि वेळ खांबावरच्या पाटीवर असते, ती वाचूनच गाडी सोडा. आणि गाडीत काही म्हणजे काही दिसेल असं ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही. काच फोडणारा आत काय आहे ते फोडल्यावर बघतो.