नाजूक बाईच्या झग्याची लेस

परवा शोकेस पुसायला घेतली आणि त्या चिनी मातीच्या बाईच्या झग्याची लेस फडक्यात अडकली, कट्ट आवाज आला, दोन तुकडे हातात. लहानपणापासून "हात लावू नकोस, नाजूक आहे" एवढंच ऐकलेलं, त्यामुळे या वयातही आधी छातीत धस्स झालं, मग आठवलं की आता ओरडायला कुणीच नाहीये.

मग तुकडे घेऊन बसले बघत. ही लेस कशी करतात माहितीये का? खरी सुती लेस घ्यायची, पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्याच, पातळ काल्यात बुडवायची, ओली असतानाच मूर्तीला चुण्या पाडून चिकटवायची आणि भट्टीत. दोरा जळून जातो, त्याच्याभोवतीची माती तेवढी राहते, वीण तशीच पण आत काहीच नाही. आणि पोर्सिलेन भाजतात १३०० अंशांच्या आसपास! म्हणजे एवढ्या आगीतून निघालेली ती नाजूक, आणि फडकं मारणारी मी धसमुसळी. असो.

अठराव्या शतकात जर्मनीत माइसेनला असल्या मूर्ती भरपूर झाल्या, त्यातल्या मेंढपाळ बायका बघा, कंबर मुठीत मावेल अशी आणि बुटाला चिखलाचा ठिपका नाही, मेंढ्या बहुतेक स्वतःच घरी जात असणार.

मला खरी आवडते ती भांडी रंगवणारी क्लॅरिस क्लिफ. इंग्लंडमध्ये १९१२ ला, तेराव्या वर्षी कारखान्यात लागली, काम काय तर भांड्यांना सोनेरी काठ मारायचे. पुढे १९२७ मध्ये तिने पडून राहिलेला डिफेक्टिव्ह माल घेतला आणि त्यावर भडक रंगांचे त्रिकोण ठोकून दिले, म्हणजे ज्या भांड्यांकडे कुणी बघत नव्हतं तीच 'बिझार' म्हणजे 'विचित्र' या नावाने धडाधड खपली, आणि तळाला छापलेलं चक्क तिचं नाव. फुलं-पाकळ्यांचं गोडगोड काहीतरी काढत बसली असती तर कुणाला कळलंही नसतं कुणी रंगवलंय.

तेव्हा मीपण आमच्या बाईला उलटी केली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तळाला हवा जायला एक भोक, कारखान्याचा निळा शिक्का, आणि कडेला ब्रशने काढलेला बारीक लाल ७. रंगवणारीचा नंबर असावा. सातातली शेपटी जरा घाईत ओढलीये.