टेबलवरून परत

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्याला केस कॅन्सल होणं काही नवीन नाही. लहान लेकराला रात्रीतून सर्दी-खोकला झाला, गेली केस. रक्ताची पिशवी आली नाही, गेली. रात्रीचं सिझर लांबलं आणि अवजारांचे सेट ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे निर्जंतुक करायच्या मशीनमधून, निघालेच नाहीत, मग सकाळची लिस्ट दुपारवर आणि दुपारची उद्यावर. सगळ्यात मोठा घोळ उपाशी राहण्याचा. काही खाऊ नका म्हटलं तरी आपल्याकडे चहाला कोणी खाणं धरतच नाही, कपभर दुधाचा चहा ढोसून येतात आणि मग सहा तास थांबा. उलटंही होतं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी वॉर्डातून सरसकट रात्री दहापासून सगळं बंद सांगून टाकतात आणि दुपारी दोनचा पेशंट घसा कोरडा करून पडलेला असतो. यावर कितीदा बोलून झालंय, असो.

मला सांगायचीय ती गेल्या फेब्रुवारीतली केस. नंदुरबारला तेव्हा मिरचीचा सीझन जोरात, पथारीवर लाल मिरची पसरलेली, शहरात नुसता ठसका. पेशंट त्याच मिरचीच्या मालाची हमाली करणारे, साठीच्या आसपासचे बाबा. पोती उचलून उचलून हर्निया झालेला, वर्षभर पट्टा बांधून काढलं आणि शेवटी ऑपरेशनला तयार झाले. नाशिकला हार्टमध्ये स्टेंट बसवलेली, दोनेक वर्षं झालेली. मुलगा सुरतला साडीच्या कारखान्यात, तो सुट्टी काढून रातोरात गाडीने आला. सोबत बायको, सून, दोन भाचे, शेजारचे एक काका आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी.

सकाळी पहिली केस यांचीच. ट्रॉली लावली, लाइट लावले, आमचे भूलवाले सर धुळ्याहून येतात ते आले. इथेच खरी गोम आहे बघा. भूलवाले सर चार गावं फिरतात, त्यामुळे पेशंटला ते पहिल्यांदा बघतात ते ऑपरेशनच्याच दिवशी, आणि कधी कधी तर टेबलवरच. फाइलमध्ये फिजिशियनचं फिटनेस होतं, खाली एक ओळ, रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद. गोळीचं नाव नाही. आणि हे पेशंटला कोणीतरी फोनवर सांगितलेलं.

मी बाबांना विचारलं, बाबा, ती रक्त पातळ व्हायची गोळी बंद केली ना? ते म्हणे, "बंद करी दिधी ताई, पाच दिन व्हई ग्यात." एकदम कॉन्फिडन्सने.

मॉनिटर लावला. बीपी १९६/११२. घाबरले असतील म्हणून दहा मिनिटांनी परत घेतलं, दुसऱ्या हाताला घेतलं, तेच. सरांनी हातातली स्पायनलची, म्हणजे पाठीतून भूल द्यायची सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मला म्हणाले, सिस्टर, यांच्या गोळ्या घेऊन या, कागद नको, गोळ्या. सुनेने पिशवीतून रबर लावलेला गठ्ठा काढला. आपल्याकडे मेडिकलवाले दहाची पट्टी कापून चार-चार गोळ्या देतात, नाव राहतं दुसऱ्या तुकड्यावर. एका तुकड्यावर मागून काहीच वाचता येईना. दुसरा कॅप्सूलचा, त्यावर कापलेल्या कडेला अर्धाच शब्द, 'डोग्रेल ७५'. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करणारी तीच. एकाच कॅप्सूलमध्ये कोलेस्ट्रॉलची, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही औषधं, बाजारात सर्रास मिळते. बाबांच्या घरात तिचं नाव 'चरबीनी गोळी'. ती काल रात्रीसुद्धा घेतलेली. आणि बंद काय केलं? तर छोटी पांढरी, टेल्मिसार्टन, बीपीची. छोटी गोळी म्हणजे रक्त पातळ करणारी असणार, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

म्हणजे जी बंद करायची ती चालू, जी चालू ठेवायची ती बंद. असल्या रक्तावर पाठीत सुई टोचली आणि आत मणक्यात रक्त साचलं तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय जातात. पूर्ण भूल द्यावी तर बीपी हे असं, आणि हर्निया अडकलेला नाही, आजच करावं अशी घाई काहीच नाही. सरांनी आणि सर्जननी एकमेकांकडे पाहिलं, अर्ध्या मिनिटात केस कॅन्सल. मेश, म्हणजे हर्नियावर लावायची जाळी, फोडलेली नव्हती तेवढं बरं, ती महाग.

बाहेर सांगायला नेहमीप्रमाणे मलाच पाठवलं. मुलगा तडकला. म्हणे टेबलवर घेतलं आणि मग कळतं तुम्हाला? काल भरती केलं तेव्हा डॉक्टर झोपले होते का? "हाई सम्दं पैसा काढानं काम शे." भाचे पण पुढे सरकले. माझं स्पष्ट मत, त्याचा राग खोटा नव्हता. कॅन्सल करणं बरोबरच होतं, पण ते आठ दिवस आधी गोळ्या हातात घेऊन बघायला दहा मिनिटं लागली असती, आणि ती दहा मिनिटं वाचवून यांची हजेरी बुडाली, सुरतचा खाडा पडला, गाडीभाडं गेलं. आजी तेवढ्या शांत, फक्त विचारलं, "आते यास्नी खावानं का?" मी म्हटलं हो, आधी भाकरी द्या त्यांना.

सर्जन स्वतः बाहेर आले तेव्हा थोडं निवळलं. नाशिकच्या हार्टवाल्यांना फोन लावला, ते म्हणे अ‍ॅस्पिरिन एकटी चालू राहू द्या, क्लोपिडोग्रेल तेवढी पाच-सात दिवस थांबवा. मग मी कॅप्सूल बाजूला काढून वेगळ्या गोळ्या पाकिटात घालून दिल्या, पाकिटावर सकाळी सूर्य, रात्री चांदणी काढली, आणि बीपीच्या पट्टीवर पेनाने मोठं लिहिलं, ही बंद करायची नाही. काउंटरवर खोलीभाड्यावरून परत वाजलं, शेवटी मॅनेजरने अर्धं सोडलं. अर्धं का, पूर्ण का नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

पुढची तारीख दहा-बारा दिवसांनी मिळाली. त्या दिवशी बीपी १३८/८४. पहाटे एक सिझर आलं म्हणून थोडा उशीर झाला, पण झालं ऑपरेशन, व्यवस्थित झालं. मुलगा नव्हता, कारखान्यातून दुसऱ्यांदा सुट्टी मिळाली नाही. संमतीपत्रावर सही सुनेने केली, आणि करायच्या आधी मला म्हणे, ताई, कोणत्या कोणत्या गोळ्या बंद केल्या ते एकदा बघी घ्या.