दिव्याचे बटण

लॅपटॉपवर काम करत गावोगाव राहायचे म्हणून पुण्यातले भाड्याचे घर मी २०२१च्या नोव्हेंबरात सोडले, तेव्हा 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ओळखीच्या प्रत्येकाने ऐकवली. पण तिच्यातला बिऱ्हाड हा शब्द मी तेव्हा नीट ऐकलाच नव्हता. घर वाडवडिलांकडून येते किंवा कर्ज काढून घ्यावे लागते. बिऱ्हाड मात्र चार भांडी घेऊन कुठेही मांडता येते, आणि बदलीच्या नोकरीत माझ्या आजोबांनी ते सात गावांत मांडले होते.

माझे बिऱ्हाड म्हणजे लॅपटॉप, कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणि दोन लिटरचा कुकर. कुकरवरून थट्टा होते. पण लेहमध्ये, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात तासभर शिजवलेली तूरडाळही दाताखाली येते.

पहिल्या वर्षी खोली निवडताना मी खिडकीतून डोंगर दिसतो का, एवढेच पाहत असे. आता कपडे कुठे वाळतात, टेबलापाशी खुर्ची कसली आहे आणि सुरीला धार आहे का, हे आधी विचारते. (सुरीबद्दल खरे उत्तर आजवर कोणत्याही घरमालकाने दिलेले नाही.)

सतत फिरणाऱ्याला नावीन्याची ओढ असते असा समज आहे आणि तो माझाही होता, पण प्रत्यक्षात मी तोच-तोपणाला हावरी झाले. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाविना ६० दिवस राहण्याची मुभा दिली, तेव्हा मी हिवाळ्यात चिआंग माईला गेले आणि १,९०० बाट भरून आणखी तीस दिवस वाढवून घेतले. शेते आणि जंगले जळू लागून फेब्रुवारीत हवेत धूर साचेपर्यंत मी दुपारी एकाच गाडीवर खाओ सोई खात होते : नारळाच्या दुधातला पिवळा रस्सा, त्यात मऊ नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, शेजारी मोहरीच्या पानांचे लोणचे. तिसऱ्या आठवड्यात मी रस्ता ओलांडत असतानाच त्या बाईंनी वाडगे हातात घेतले आणि लोणचे दुप्पट वाढले. त्या शहरातले कुठलेच देऊळ मला आता तितके स्पष्ट आठवत नाही.

साताऱ्याला आईकडे मात्र मी हळूहळू पाहुणी होत चालले आहे, हे कबूल करायला हवे. माझ्या खोलीत आता शिलाई मशीन आहे, आणि चहा मला पाहुण्यांच्या कपबशीतून मिळतो. गेल्या दिवाळीत रात्री पाणी प्यायला उठले, तर अंधारात हात आपोआप दाराच्या उजवीकडे गेला आणि कोऱ्या भिंतीवर चाचपडत राहिला. भावाने वायरिंग नवे करून घेतले होते.

"डावीकडे गं," आई आतून म्हणाली. ती जागीच होती.