पास, पासिंग आणि पास आऊट

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल आणि त्यासाठी ओईटी, म्हणजे डॉक्टर-नर्स मंडळींसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली, तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ५०० पैकी ३५० आणि लिहिण्यात ३०० गुण लागतात. मिरजेत वॉर्डातली ड्यूटी सांभाळत मी तयारी केली. पत्रलेखन सरावानं बसतं, त्याचं काही विशेष नाही. घाम फोडला तो ‘पास’ या क्रियापदानं.

आता हा शब्द आपल्याला नवा थोडाच! दहावी पास, एसटीचा पास, बिल पास, एमएच १० पासिंगची गाडी. वॉर्डात तर तो उठता-बसता. पोटाचं ऑपरेशन झालं की राउंडला डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “आजोबा, गॅस पास झाला का?” आजोबा आधी सुनेकडे बघतात, मग छताकडे, मग हळूच मान हलवतात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण आता तोंडानं काही द्यायला हरकत नाही. ब्रिटनमध्येही पास विंड, पास वॉटर, मूतखडा पडला तर पास अ स्टोन. इथवर माहेरच.

घोळ पुढे होता. ‘आय पास्ड आऊट इन २०१६’ असं आपण बायोडेटात बेधडक लिहितो. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड होते, तेव्हा आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, आणि लष्करापुरता तो वापर ब्रिटिशांकडेही आहे. पण पेशंट पास आऊट झाला म्हणजे तो शुद्ध हरपून पडला! पास अवे म्हणजे वारणं हे सगळ्यांना ठाऊक असतं. नुसतं ‘शी पास्ड’ म्हटलं तरी बाई गेलीच. पास ऑन म्हणजेही मरणं, आणि ‘पास इट ऑन’ म्हणजे निरोप पुढे देणं. बढतीत डावललेला माणूस पास्ड ओव्हर. जेवण नको असलेला आजारी माणूस म्हणतो, ‘आय विल पास.’

आधी मी हे अर्थ वहीत ओळीनं लिहून घोकले. उपयोग शून्य, कारण ऐकण्याच्या भागात रेकॉर्डिंग एकदाच लावतात. वही आठवेपर्यंत पेशंट तिसऱ्या तक्रारीवर पोचलेला असतो. मग कळलं, या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पाऊल’ आहे. काहीतरी इथून पलीकडे जातंय, एवढंच धरायचं. काय जातंय ते बघायचं: लघवी, खडा, निरोप, की माणूसच. आणि शेपटाला आऊट आहे की ऑन, तिकडे कान द्यायचा. तेव्हापासून वहीची गरज पडेना.

माझ्यासोबत एक मल्याळी सिस्टर तयारी करत होती. तिला असलं काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण ती आपल्या ‘लागणे’तून तावून सुलाखून निघाली होती. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, निकाल लागतो, लग्नही लागतं! एका आजीनं तिला “मला गाडी लागते” सांगितलं, तर हिनं डिस्चार्जसाठी रिक्षा बोलावण्याची तयारी केली. आजी बिचारी उलटीबद्दल सांगत होती.

बोलण्याच्या परीक्षेत कार्ड वाचायला तीन मिनिटं आणि संवादाला पाचेक मिनिटं मिळतात. त्याची तालीम आम्ही नाइट ड्यूटीला चहाच्या वेळी करायचो. ती पेशंट होऊन मध्येच म्हणायची, ‘माय हजबंड पास्ड लास्ट विंटर.’ तिथे कुठली परीक्षा विचारायचं नाही. थांबायचं, दोन शब्द सांत्वनाचे बोलायचे, मग पुढचा प्रश्न. त्यालाही गुण असतात, आणि असायलाच हवेत.

निकाल आला, हवे तेवढे गुण पडले. ओईटीच्या निकालपत्रावर फक्त गुण आणि ग्रेड असतात. मामानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “अगं, पण पास की नापास ते कुठे लिहिलंय?”