पिंग वाढतो कुठे? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्ससारखा ऑनलाईन गेम अडकायला लागला की पोट्टे आधी मोठा प्लॅन मागतात, मग चार अँटेनांचा राउटर. बहुतेक वेळा दोन्हीचे पैसे वाया जातात. असा गेम सेकंदाला फार तर काहीशे किलोबिट डेटा खातो, त्यामुळे १०० एमबीपीएसचे ३०० केले तरी त्याला फरक पडत नाही. त्याला पॅकेट, म्हणजे डेटाचा लहान तुकडा, वेळेवर पोचलेलं हवं असतं. पॅकेटला सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ म्हणजे पिंग, तो मिलिसेकंदांत मोजतात. नागपूर ते मुंबई सुमारे ८०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद. त्यापुढचा सगळा वेळ मधली यंत्रं, रांगा आणि वळसे खातात. आपल्या खेड्यातून मुंबईच्या सर्व्हरला स्थिर ४० पिंग मिळत असेल तर कनेक्शन चांगलं आहे. स्थिर ७० वरही खेळता येतं. ३० वरून १८० वर उड्या मारणारा पिंग मात्र खेळू देत नाही.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राउटरच्या पत्त्यावर १०० पिंग पाठवा (ping -n 100 आणि पुढे पत्ता). पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो इंग्रजी अंकांत टाकायचा. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. आता केबल काढून वायफायवर तेच करा. २ ते ५ आलं तर ठीक. मधूनच ८०-१०० येत असेल तर दोष घरातच आहे, ऑपरेटरला फोन करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे आकडे स्वच्छ असतील तर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा आणि ट्रेसराउट (tracert) चालवा, ते पॅकेट कुठल्या टप्प्यांतून जातं ते दाखवतं. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे (*) दिसले तर घाबरू नका, बरीच यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. पॅकेटांची गळती त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत दिसली तरच ती खरी.

आता सगळ्यात जास्त घरांत सापडणारा, पण सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष. रात्री कुणाचा तरी मोबाईल फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो आणि नेमका तेव्हाच पिंग ३०० होतो. अपलोड भरला की पॅकेटं मोडेममध्ये रांग लावतात आणि गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. हे पाहायचं असेल तर एका फोनवर मोठी फाईल चढवायला लावा आणि त्याच वेळी पिंग बघा. उपाय राउटरमधला एसक्यूएम, म्हणजे पॅकेटांची रांग हुशारीने सांभाळणारी सोय. वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची, म्हणजे ५० चं कनेक्शन असेल तर डाउनलोड ४५, अपलोडही ४५. मग रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि राउटर ती नीट वाटतो. थोडा वेग जातो, पण सौदा फायद्याचा आहे. एसक्यूएमचं काम प्रोसेसर करतो, त्यामुळे कमकुवत राउटरवर मोठ्या प्लॅनचा वेग पडतो. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा, बदलून खेळातला पिंग कमी होत नाही. जोडणी झाल्यावर डीएनएसचं काम संपलेलं असतं.

घराचा विचार वेगळा. मातीच्या जाड भिंती सिग्नल गिळतात, टिनपत्रे तो परतवतात. राउटरच्या समोर लोखंडी बॉडीचा, पाण्याने भरलेला कूलर असेल तर पलीकडच्या खोलीत फारसं काही पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ घ्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. फोन त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झच वापरा. खेळण्याची जागा ठरलेली असेल तर माझं मत पक्कं आहे: शुद्ध तांब्याची कॅट-६ ओढा. १०० मीटरपर्यंत ती चालते. ‘सीसीए’ लिहिलेली स्वस्त केबल म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ती घेऊ नका.

लाईनचा त्रास मात्र आपला खास. संध्याकाळी व्होल्टेज पडतो. घरच्या इन्व्हर्टरला मागे बहुधा बटण असतं: यूपीएस मोडमध्ये तो झटकन बदलतो आणि राउटर बंद पडत नाही, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेला की लाईन असूनही बॅटरी खातो. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरी वाचते, पण बदलताना राउटर रिस्टार्ट होऊ शकतो आणि मॅच जातो. राउटर आणि ओएनटीपुरता (ऑपरेटरची फायबर वायर ज्या डब्यात येते तो) वेगळा मिनी यूपीएस घेतला की हा प्रश्न सुटतो. हिशेब सोपा. २,००० एमएएचचे तीन सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट, म्हणजे २२ वॅट-तास. दोन्ही यंत्रांना मिळून १० वॅट लागतात आणि थोडं वाया जातं, म्हणजे दोन तासांच्या आतच. आधी अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा, ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. आणि ऑपरेटरच्या टोकालाही बॅकअप आहे का ते विचारा, नाहीतर तुमचा यूपीएस चालूनही नेट बंदच.

उन्हाळा विसरू नका. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखाली, माळ्यावर ठेवलेला राउटर दुपारी हँग होतो आणि रात्री आपोआप सुधारतो. खाली, सावलीत, भिंतीपासून सुटा ठेवा.

एवढं करून नवा राउटर घ्यायचाच असेल तर अँटेना मोजू नका. गिगाबिट पोर्ट, दोन्ही बँड आणि एसक्यूएम किंवा ओपनडब्ल्यूआरटीची (राउटरवर टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर) सोय बघा. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० चे पोर्ट १०० एमबीपीएसचे, सी६ चे गिगाबिट. ओपनडब्ल्यूआरटीसाठी मॉडेलसोबत खालच्या स्टिकरवरचा हार्डवेअर व्हर्जनही जुळवा. नवा राउटर लावल्यावर ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे राउटरचं काम फक्त नवा राउटर करेल, नाहीतर दुहेरी नॅटमुळे (पॅकेटचा पत्ता दोनदा बदलल्यामुळे) गेममधला व्हॉइस तुटू शकतो. राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर नॅट ऑपरेटरकडेच आहे, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारा डेटा ठरलेल्या यंत्राकडे वळवणं) करून काही होणार नाही.

फायबर असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) पाहा. -१८ ते -२४ डीबीएम छान. -२७ च्या खाली गेला की पॅकेट गळतात. कारण बहुधा मळलेला कनेक्टर किंवा खिळ्यावर दुमडलेली वायर. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, हा आकडा सांगा. फायबर नसेल, ४जी राउटर असेल, तर राउटरच उंचावर सावलीत बसवून खाली लॅन केबल आणा, लांब अँटेना केबलमध्ये सिग्नल मरतो. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) -१०० पेक्षा बरा आणि एसआयएनआर (सिग्नलची स्वच्छता) १० च्या वर मिळेल ती जागा निवडा. तरी संध्याकाळी टॉवर भरला की पिंग वाढणारच.

पावसाळ्याआधी एक काम उरकून घ्या. खांबावरून येणाऱ्या फायबर वायरला बहुधा स्टीलची तार जोडलेली असते आणि वीज कडाडली की झटका तिच्यातून घरात येऊ शकतो. ऑपरेटरच्या माणसाकडून ती तार भिंतीबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडून घ्या, आत फक्त फायबर येऊ द्या.