‘मला झोपवूनच काढा’

दोन वर्षांत तिसऱ्यांदा उजवीकडची खालची अक्कलदाढ सुजली, तेव्हा नाशिकच्या आमच्या दाताच्या डॉक्टरांनी ओपीजी काढून आणायला सांगितलं. हा जबड्याचा मोठा एक्स-रे. यंत्र डोक्याभोवती फिरतं, आपण हनुवटी टेकवून उभं राहायचं. फोटोत माझी दाढ शेजारणीवर अशी कलंडली होती, जशी लोकलमध्ये अनोळखी माणसाच्या खांद्यावर मान टाकून कुणी झोपावं. मुळांच्या खालून दोन पुसट रेघा जात होत्या. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्यांच्यामधून जाते म्हणे.

‘‘काढावी लागेल,’’ डॉक्टर म्हणाल्या.

‘‘मला झोपवूनच काढा,’’ मी म्हणाले. विचार वगैरे काही नव्हता, तोंडातून निघालंच.

त्याला कारण होतं. मी नऊ वर्षांची असताना तालुक्याच्या गावी माझी किडलेली दाढ काढली होती. गाल टम्म सुजलेला. इंजेक्शन दिलं, तरी दुखत होतं. मी ओरडत होते आणि ते डॉक्टर ‘‘झालं, झालं’’ म्हणत चिमटा हलवत होते. बाबांनी खांदे धरून ठेवले होते. पुढे घरात ‘ही भारी नाजूक’ असं ठरून गेलं आणि मीही ते मानलं.

डॉक्टरबाईंनी आधी एक गोष्ट सांगितली, जी मला अजिबात माहीत नव्हती. गुंगी दिली तरी हिरडीतलं इंजेक्शन चुकत नाही. गुंगीचं औषध भीती कमी करतं, दुखणं थांबवायला जागा बधिरच करावी लागते. म्हणजे ज्या सुईला टाळायला मी निघाले होते, ती सगळीकडे होतीच.

मग एकेक पर्याय निघाला. लाफिंग गॅस मला सगळ्यात आवडला होता. नाकावर मास्क, त्यातून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड, काही मिनिटांत हलकं वाटायला लागतं. शेवटी थोडा वेळ नुसता ऑक्सिजन दिला की बहुतेकांना आपले आपण घरी जाता येतं. ‘‘तोंड मिटून दोन मिनिटं नाकाने श्वास घ्या,’’ त्या म्हणाल्या. माझं नाकाचं हाड वाकडं आहे. अर्ध्या मिनिटात तोंड उघडलं. गॅस बाद.

गोळीचं म्हणाल, तर ती तासभर आधी घ्यायची. पण एकदा गिळली की कमी-जास्त करता येत नाही. कुणाला नुसती जांभई येते, तर कुणी खुर्चीतच पेंगतं. मला ते जुगारासारखं वाटलं.

राहिली शिरेतून दिलेली गुंगी. मिडॅझोलॅम नावाचं औषध हळूहळू सोडतात, भूलतज्ज्ञ शेजारी बसून नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब बघत असतात. आपण सांगितलेलं ऐकतो, पण नंतर बरंचसं आठवत नाही. माझ्या जावेने अशाच दोन दाढा काढून घेतल्या आणि ती अजून कौतुक सांगते : ‘‘डोळे मिटले, उघडले, संपलं!’’ फक्त सहा तास उपाशी राहायचं, सोबत माणूस हवं, दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही. भूलतज्ज्ञांची फी वेगळी.

‘‘घोरता का?’’

‘‘नाही,’’ मी.

‘‘हो,’’ नवरा. एवढ्या तत्परतेने त्याने लग्नात हार घातला नव्हता.

डॉक्टरांनी लाल शाईने फाइलवर लिहिलं : घोरतात. घोरणाऱ्यांचा घसा गुंगीत जास्त सैल पडू शकतो, श्वास अडू शकतो, म्हणून माझी गुंगी क्लिनिकमध्ये नको, हॉस्पिटलमध्येच, असं त्या म्हणाल्या. पूर्ण भूल तर एका दाढेसाठी त्या सुचवतच नव्हत्या.

एवढं झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुम्हाला भीती नक्की कशाची? सुईची? आवाजाची?’’

मी त्या जुन्या दाढेची गोष्ट सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तेव्हा पू होता का?’’ पू झालेल्या, सुजलेल्या जागेत आम्लता वाढते आणि बधिर करणारं औषध नीट लागूच पडत नाही. म्हणजे तेव्हा मला खरोखर दुखत होतं. बत्तीस वर्षांनी हे ऐकून मला डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबसल्या रडू आलं, आणि नवरा उगाच एक्स-रेकडे बघत राहिला.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने 1844 साली स्वतःचीच दाढ याच लाफिंग गॅसवर काढून घेतली होती. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये प्रयोग दाखवायला गेला, तर रोगी मध्येच ओरडला आणि जमलेल्यांनी त्याची हुर्यो उडवली. मला त्या ओरडणाऱ्या रोग्याबद्दल फार आपुलकी वाटली.

सकाळी फोन करून सांगितलं : साधं इंजेक्शनच द्या, पण मी हात वर केला की थांबायचं. धाडस-बिडस नव्हतं. मला झोप नको होती, कुणीतरी थांबायला हवं होतं. गुंगीत हात वर करायचा राहिला तर, हा विचारच सहन होईना.

पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन सूज उतरवली. सहाव्या दिवशी चक्क पोहे खाऊन गेले, कारण उपाशी यायचं नव्हतं. आधी हिरडीला जेल, मग सुई. टोचल्याचं कळलं. पाठोपाठ छाती धडधडली. त्या औषधात अ‍ॅड्रेनलिन असतं, मिनिटभर असं होईल, हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. दहा मिनिटांत अर्धा ओठ भाकरीएवढा वाटायला लागला. आरशात बघितलं, तर होता तेवढाच.

दाब मात्र कळतो, आणि आवाज कानाने नाही, कवटीतून येतो. दाढेचे दोन तुकडे करताना ‘कट्’ असं आत कुठेतरी वाजलं. दुसरा तुकडा हलवताना बारीकशी कळ गेली. मी डावा हात वर केला.

ड्रिल थांबलं. चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. आणखी थोडं औषध, पाच मिनिटं वाट, मग पुन्हा सुरुवात. त्यानंतर हात वर करावा लागला नाही. चाळीस मिनिटं, तीन टाके.

घरी आल्यावर पाऊण तास कापूस दाबून, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, गार आइस्क्रीम. तिसऱ्या दिवशी गाल फुगला आणि तोंडात दोन बोटंही जाईनात. आठवडाभर मऊ भात.

टाके काढायला गेले, तेव्हा फाइल टेबलावर उघडीच होती. लाल शाई तशीच. ‘‘आता तरी खोडा ते,’’ मी म्हणाले.

‘‘डावीकडची अजून आहे,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘असू दे.’’