हतनूरच्या गाळात कासव पाहायचं असेल तर

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर बहुतेक लोक पाखरांसाठी जातात आणि पहाटेच पोचतात. कासवासाठी जाणाऱ्यांनी एवढी घाई करू नये. जानेवारीत भुसावळकडची सकाळ चांगलीच बोचरी असते आणि कासवाला अंग तापवायला ऊन लागतं. आम्ही चांगदेवचं जुनं दगडी देऊळ निवांत पाहिलं, चहा घेतला आणि उन्हं वर आल्यावर होडीत बसलो. पहिलं कासव दिसलं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. भल्या पहाटे आलेले दोन कॅमेरेवाले तोवर परतीला लागले होते.

मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेव गावाशी पूर्णा तापीला मिळते आणि संगमाच्या खालच्या अंगाला तापीवर ४१ दरवाजांचं हतनूर धरण आहे. पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते, तापी सातपुड्याच्या उतारावरची. धरणाने पाणी अडवलं तशी ही सगळी माती इथेच बसत गेली. गाळाने धरणाची साठवण कमी झाली, ही तक्रार खरीच आहे. पण त्याच गाळाने कडेकडेला उथळ दलदल तयार केली. तिच्यात पाणकणीस आणि लव्हाळी माजलीत, वरच्या अंगाला बेशरमाची झुडपं. पाखरं पाहणारे दुर्बीण उघड्या पाण्याकडे लावतात. तुम्ही ती या चिखलाच्या काठाकडे लावा. अर्धवट बुडालेला ओंडका, मातीचा उंचवटा, जुन्या बांधाचा दगड, अशा जागा एकेक करून पाहत जायचं.

आम्हाला दिसलं ते मऊ पाठीचं कासव, इंग्रजी नावाने इंडियन फ्लॅपशेल. पाठ शेवाळी-तपकिरी, तिच्यावर खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी. पोटाच्या बाजूला मागच्या पायांजवळ दोन झडपा असतात. पाय आत ओढले की त्या मिटतात, म्हणून हे नाव. लांबून पाहिलं तर ओला दगडच. दगडाला मान फुटली तेव्हा खात्री पटली. पाण्यात असताना तर नळीसारख्या नाकाचं टोक तेवढं वर येतं आणि श्वास घेऊन जातं. ते टिपायचं तर होडी थांबवून गप्प बसायला हवं. इंजिनाची होडी नको, वल्ह्याची मिळते का विचारा. बेडूक, शंखगोगलगायी, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, याला काहीही चालतं; पाण्याची साफसफाई त्यातून आपोआप होते.

होडीवाल्या भाऊंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "पाखरं पाह्याले आले का भो?" कासवं म्हटल्यावर ते हसले. "ते तं जाळ्यात येते. जाळं फाडते, बोटाले चावते." कासव जाळ्यात अडकलं की श्वासाला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं, जाळी वेळेवर तपासली तरच ते वाचतं. भाऊ सोडून देतात. सगळेच सोडत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. कुणी खातं, कुणी विकतं, कुणी घरच्या टाकीत नाहीतर विहिरीत नेऊन टाकतं.

शिवाय आहेच ती 'वीस नखी', 'एकवीस नखी' कासवाची भानगड: इतक्या नख्यांच्या कासवावर मंत्र टाकला की पैशांचा पाऊस पडतो, ही अंधश्रद्धा. या कासवाच्या एका पायाला नख्या तीनच, म्हणजे चारही पायांच्या मिळून बारा. बाकीच्या कुठून आणणार, ते त्या मांत्रिकालाच ठाऊक! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पकडणं, विकणं, घरात पाळणं, सगळाच गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. जगाच्या धोकाग्रस्त यादीतही ते 'असुरक्षित' गटात आहे.

मला जास्त काळजी वाटली ती उन्हाळ्याची. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. त्याच दिवसांत हे कासव ओलसर चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पहिल्या पावसापर्यंत पडून राहतं. वर ट्रॅक्टर फिरला तर काय होणार हे सांगायला नको. गाळपेर बंद करा म्हणणं सोपं आहे. पण धरणात ज्यांची शेतं गेली त्यांच्या तोंडावर ते म्हणायची माझी तरी तयारी नाही. पाणकणसाच्या कडेचा पट्टा तेवढा नांगराविना सोडला तर बरंच साधेल असं मला वाटतं.

आता जाणाऱ्यांसाठी. भुसावळ जंक्शनला उतरा, वरणगाववरून मुक्ताईनगरकडे जाणारा महामार्ग धरा आणि चांगदेवच्या फाट्याला आत वळा. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात कासवंही बाहेर येत नाहीत, तुम्हीही जाऊ नका. वरून वाळलेल्या, भेगाळलेल्या चिखलावर भरवसा ठेवू नये. खाली लोण्यासारखा गाळ असतो आणि बूट तिथेच राहतो. हातात काठी असू द्या. जेवण मात्र चुकवू नका. हिवाळ्यात भरताची वांगी ऐन भरात असतात. भरीत, कळण्याची भाकरी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा.

फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका. 'हतनूर परिसर' पुरे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्यावर कासव दिसलं तर ते ज्या दिशेने निघालंय त्याच बाजूला उतरवून द्या. पाठीच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी धरा, मान बरीच लांब वळते. आणि घरच्या काचेच्या टाकीत मोठं झालेलं, कानाशी लाल पट्टा असलेलं कासव 'मोकळं करायला' इथे आणू नका. ते अमेरिकेतलं आहे, इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर हक्क सांगतं. जाळ्यात जखमी झालेलं किंवा कुणी विकायला आणलेलं कासव दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.